कुलवृत्तांतात न लिहिलेला रकाना
(मोठ्या आतड्याचा आनुवंशिक कर्करोग : एका विकृतिशास्त्रज्ञाचे टिपण)

 विकृतिशास्त्र म्हणजे पॅथॉलॉजी. हे शास्त्र पडद्यामागचे. रुग्णाला शल्यचिकित्सकाचे नाव जन्मभर आठवते; काढलेल्या गाठीचा तुकडा ज्याने सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, त्याचे नाव अहवालाच्या तळाशी राहते. माझी याबद्दल तक्रार नाही. परंतु त्या काचपट्टीवर कधी कधी एका रुग्णाचा नव्हे, तर साऱ्या घराण्याचा इतिहास उमटलेला असतो, ही गोष्ट डॉक्टर बंधुभगिनींइतकीच समाजातील इतर वाचकांनाही ठाऊक असावी, म्हणून हा विषय निवडला आहे.

शिवणकाम करणाऱ्या बाईचे भाकीत

साल १८९५. अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठात डॉ. आल्ड्रेड वॉर्थिन हे तरुण विकृतिशास्त्रज्ञ काम करीत होते. लाळग्रंथीच्या एका गाठीला आज आपण त्यांच्याच नावाने ओळखतो. त्यांच्याकडे शिवणकाम करणारी एक बाई एकदा खिन्न दिसली. विचारल्यावर ती म्हणाली, की आपण लवकरच कर्करोगाने जाणार. आमच्या घरात बहुतेक सगळे तसेच गेले आहेत. ती त्या वेळी धडधाकट होती. पुढे तिचे भाकीत खरे ठरले. गर्भाशयाच्या कर्करोगाने ती तरुणपणीच वारली.

एखाद्याने हा योगायोग मानून विषय सोडून दिला असता. वॉर्थिन यांनी तिच्या नातलगांची यादी करायला घेतली. कोण कोणत्या वयात, कोणत्या अवयवाच्या आजाराने गेले, ते नोंदवत गेले आणि १९१३ मध्ये त्यांनी तो अभ्यास प्रसिद्ध केला. जर्मनीतून येऊन स्थायिक झालेले हे घराणे वैद्यकाच्या इतिहासात ‘फॅमिली जी’ या नावाने अमर झाले. १९२५ मध्ये त्यांनी त्यात भर घातली. तथापि कर्करोग आनुवंशिक असू शकतो, हे मानायला तो काळ तयार नव्हता.

तो धागा पुन्हा उचलला डॉ. हेन्री लिंच यांनी. १९६२ मध्ये नेब्रास्कातील ओमाहा येथे निवासी डॉक्टर असताना त्यांच्यासमोर मद्यपानाच्या आहारी गेलेला एक रुग्ण आला. एवढे का पितोस, या प्रश्नाला त्याने उत्तर दिले, की मी कर्करोगानेच मरणार आहे, आमच्यात सगळे असेच मरतात. लिंच त्याच्या नातलगांपर्यंत पोहोचले आणि १९६६ मध्ये अशा दोन घराण्यांचा अभ्यास त्यांनी प्रसिद्ध केला. मिशिगनमध्ये वॉर्थिन यांच्या जागी पुढे आलेल्या डॉ. फ्रेंच यांनी जपून ठेवलेली ‘फॅमिली जी’ची कागदपत्रे लिंच यांच्या स्वाधीन केली आणि १९७१ मध्ये त्या घराण्याचा नवा वृत्तांत बाहेर आला. त्यात एक लक्षणीय गोष्ट होती. आधीच्या पिढ्यांत जठराचा कर्करोग पुष्कळ होता. नंतरच्या पिढ्यांत तो कमी होऊन मोठ्या आतड्याचा वाढला. दोष तोच राहिला. अन्न आणि राहणीमान बदलले, तसा त्याने घाव घालण्याचा अवयव बदलला. आज या आजाराला ‘लिंच सिंड्रोम’ म्हणतात. २०१९ मध्ये डॉ. लिंच निवर्तले.

येथे सहज आठवते, की भारतातील आधुनिक विकृतिशास्त्राची पायाभरणी करणारे डॉ. वसंत रामजी खानोलकर यांचा जन्म १८९५ चाच. कर्करोग आणि माणसांच्या चालीरीती यांचा संबंध शोधताना त्यांनी १९४५ मध्ये धोतर कमरेला घट्ट आवळण्याच्या जागी होणाऱ्या कर्करोगाचीही नोंद केली. रुग्णाची राहणी विचारणे आणि रुग्णाचे घराणे विचारणे, या दोन्ही परंपरा सूक्ष्मदर्शकामागे बसणाऱ्यांनी निर्माण केल्या, हे मला मोलाचे वाटते.

मुद्रितशोधक रजेवर गेला तर

या आजारात बिघडते काय? स्मरणिकेचे उदाहरण घेऊ. पेशी विभागते तेव्हा तिला जवळजवळ तीनशे कोटी अक्षरांचा ग्रंथ नव्याने उतरवून काढावा लागतो. नकलाकार कितीही निष्णात असला, तरी चुका होणारच. विशेषतः एकच अक्षर दहा-पंधरा वेळा ओळीने आले, की एखादे गळते किंवा जास्त पडते. म्हणून पेशीत मुद्रितशोधकांची जोडी नेमलेली असते. एमएसएच-२ आणि एमएसएच-६ ही प्रथिने चूक हेरतात. एमएलएच-१ आणि पीएमएस-२ ही दुसरी जोडी चुकीचा मजकूर कापून काढण्याची व्यवस्था करते. या दुरुस्तीची यंत्रणा उलगडणाऱ्या पॉल मॉड्रिच यांना २०१५ च्या रसायनशास्त्रातील नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला.

प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईकडून आणि एक वडिलांकडून. लिंच सिंड्रोममध्ये एक प्रत जन्मतःच सदोष असते. दुसरी शाबूत असेतो काम चालते. एखाद्या पेशीत तीही बिघडली, की त्या पेशीचा मुद्रितशोधक कायमचा रजेवर गेला. मग चुका साचत जातात आणि साधा पॉलिप कर्करोगात बदलायला लागणारी वर्षे झपाट्याने कमी होतात. १९९३ मध्ये एमएसएच-२ आणि १९९४ मध्ये एमएलएच-१ ही जनुके सापडली. ‘फॅमिली जी’मधील दोष एमएसएच-२ मध्ये असल्याचेही पुढे सिद्ध झाले. शिवणकाम करणाऱ्या त्या बाईच्या बोलण्याचा अर्थ कळायला जवळजवळ एक शतक लागले.

मोठ्या आतड्याच्या दर शंभर कर्करोगांपैकी सुमारे तीन या प्रकारचे असतात. एमएलएच-१ किंवा एमएसएच-२ सदोष असलेल्यांना आयुष्यात आतड्याचा कर्करोग होण्याची शक्यता चाळीस ते पन्नास टक्क्यांच्या आसपास असते, आणि स्त्रियांमध्ये गर्भाशयाच्या कर्करोगाची शक्यताही जवळपास तेवढीच.

एक काचपट्टी, एक जुने पुस्तक

काही वर्षांपूर्वी माझ्याकडे अडतीस वर्षांच्या एका विवाहितेच्या आतड्याचा उजवा भाग तपासणीस आला. गाठीत श्लेष्मल द्रव्य पुष्कळ होते आणि कर्कपेशींच्या मधोमध लसिकापेशींची दाटी होती, जणू शरीराने त्या गाठीला परके म्हणून ओळखून वेढा घातला होता. तरुण वय, उजवी बाजू आणि ही दाटी पाहून मी शल्यचिकित्सकांना दूरध्वनी केला आणि घरातील आजारांविषयी विचारले. उत्तर नेहमीचेच होते : घरी कोणाला काही नाही. चार प्रथिनांची तपासणी करण्यासाठी तुकडा बाहेरगावी पाठविला. एमएसएच-२ आणि एमएसएच-६ दोन्ही कर्कपेशींतून नाहीशी झाली होती. पुढे रक्ताच्या जनुकीय तपासणीने एमएसएच-२ चा जन्मजात दोष निश्चित झाला.

ती बाई भेटायला आली, तेव्हा माझ्या सांगण्यावरून घराण्याचा छापील कुलवृत्तांत घेऊन आली होती. आपल्यापैकी अनेकांच्या घरी असे पुस्तक आहे. मूळ पुरुष, स्थलांतर, होळकर-शिंद्यांच्या चाकरीत मिळालेले मान, कोणाचे शिक्षण किती, सारे त्यात असते. आम्ही दोघे पेन्सिल घेऊन बसलो. वडील चव्वेचाळिसाव्या वर्षी वारले होते. तिने आईला फोन लावला. ‘आतड्याला पीळ पडला होता,’ असे उत्तर आले. आजोबा पन्नाशीच्या आत ‘पोटशूळाने’ गेले होते. पुस्तकात दोघांची जन्म-मृत्यूची सनें होती, कारण नव्हते. आत्याचे तर फक्त नाव आणि सासरचे आडनाव, एवढीच एक ओळ होती. ती गर्भाशयाच्या कर्करोगाने गेल्याचे तिच्या मुलाकडून कळले. अर्ध्या तासात त्या पानाच्या समासात तीन पिढ्यांचे निदान लिहून झाले.

मला त्या वेळी प्रकर्षाने जाणवले, की आपले कुलवृत्तांत मुलाकडून मुलाकडे जातात. मुलगी ‘दिली’ की तिची शाखा संपते. जनुकाला गोत्र कळत नाही. सदोष प्रत मुलाकडे आणि मुलीकडे सारख्याच शक्यतेने, म्हणजे निम्म्या निम्म्या प्रमाणात जाते, आणि आत्याची मुलेही त्या वृक्षाची तितकीच पाने असतात. म्हणून कौटुंबिक वृत्तांत घेताना आईचे माहेर, आत्या, मावशी यांची चौकशी वगळली, तर अर्धे घराणे हातून निसटते. तसेच, आते-मामे भावंडांत विवाह होणाऱ्या घरांत दोन्ही बाजूंनी सदोष प्रत आली, तर लहान वयातच मेंदूच्या गाठी किंवा रक्ताचा कर्करोग होण्याचा दुर्मीळ पण गंभीर धोका असतो.

खरी अडचण पुढेच होती. तिला दोन भाऊ आणि एक अविवाहित धाकटी बहीण. आईचे म्हणणे असे, की बहिणीचे लग्न ठरेपर्यंत कोणाला काही सांगू नये. ‘डॉक्टरसाहेब, स्थळे परत जातील हो,’ असे ती माउली म्हणाली. तिला अडाणी म्हणण्याचे धैर्य मला झाले नाही. तिची भीती खरी होती. मी एवढेच म्हणालो, की हा अहवाल तुमच्या मोठ्या मुलीचा आहे. कोणाला सांगायचे, हे तिनेच ठरवावे. मात्र सांगितले नाही, तर धोका टळत नाही, तो फक्त अंधारात राहतो. त्या दिवाळीत भाऊबीजेला तिने तिन्ही भावंडांना एकत्र बसवून सांगितले. थोरल्या भावात दोष आढळला. दुर्बिणीच्या तपासणीत त्याचा एक पॉलिप वेळीच काढता आला. बहिणीची तपासणी निर्दोष आली. धाकटा भाऊ अजून तपासणीला आलेला नाही. त्याचा तो हक्क आहे. पण त्याची वाट पाहणे मी सोडलेले नाही.

माहितीचा उपयोग काय?

कळून तरी काय करायचे, असे पुष्कळ जण विचारतात. फिनलंडमध्ये २२ घराण्यांचा १५ वर्षे अभ्यास झाला, तो २००० मध्ये प्रसिद्ध झाला. दर तीन वर्षांनी कोलोनोस्कोपी करून घेणाऱ्या १३३ जणांपैकी ८ जणांना आतड्याचा कर्करोग झाला आणि त्याने कोणीही दगावले नाही. तपासणी न केलेल्या ११९ जणांपैकी १९ जणांना तो झाला आणि ९ जण दगावले. आज एमएलएच-१ आणि एमएसएच-२ च्या वाहकांना वयाच्या वीस ते पंचवीस वर्षांपासून दर एक-दोन वर्षांनी तपासणी सुचवली जाते. तपासणीने प्रत्येक कर्करोग टळतोच असे नाही. पण तो लवकर हाती लागतो. ८६१ वाहकांच्या चाचणीत, दोन वर्षे रोज ६०० मिलिग्रॅम अॅस्पिरिन घेतलेल्यांमध्ये, सरासरी दहा वर्षांनंतर, आतड्याच्या कर्करोगात लक्षणीय घट दिसली. अर्थात हे औषध वैद्यकीय सल्ल्याविना सुरू करू नये.

लसिकापेशींच्या त्या दाटीचेही शेवटी चीज झाले. मुद्रितशोधक नसलेल्या गाठीत इतक्या चुका असतात, की प्रतिकारशक्ती तिला सहज ओळखते. तिचे हात बांधलेले असतात, एवढेच. ते सोडवणारी औषधे आली. २०२२ मध्ये न्यूयॉर्कच्या एका चाचणीत अशा गुदाशयाच्या कर्करोगाचे पहिले बाराही रुग्ण डोस्टार्लिमॅब या औषधाने, शस्त्रक्रिया आणि किरणोपचाराशिवाय, रोगमुक्त दिसू लागले. मात्र गाठ या प्रकारची आहे, हे आधी कोणीतरी तपासलेले असावे लागते.

म्हणून दोन विनंत्या करतो. डॉक्टर मित्रांना : मोठ्या आतड्याच्या प्रत्येक कर्करोगात त्या चार प्रथिनांची तपासणी मागा, आणि ‘घरी कोणाला काही नाही’ या उत्तरावर थांबू नका, कोण कोणत्या वयात, कशाने गेले, हे विचारा. समाजबांधवांना : येत्या काळात कुलवृत्तांताची नवी आवृत्ती निघेल, तेव्हा तो छापा तसाच असू द्या; परंतु घरच्या प्रतीत, पेन्सिलीने का होईना, मृत्यूचे वय आणि कारण यांचा एक रकाना आखा, आणि त्यात लेकींच्या शाखाही लिहा. पूर्वजांनी आपल्याला नावे आणि सनें दिली. पुढच्या पिढीला आपण तेवढी एक ओळ अधिक द्यावी.