शो सुटला की बाहेर यावंच लागतं

"तुम्ही बोटीवर होता न्हवं? मग दोन ट्रिपा लागोपाठ काढल्या, तर मधला अख्खा दिवस रिकामी बोट आपलीच की!" हे मला राजारामपुरीत चहाच्या गाड्यावर विचारून झालंय, लग्नाच्या पंगतीत विचारून झालंय, अंबाबाईच्या देवळाबाहेर चपला शोधत असतानाही विचारून झालंय. काही वर्षं मी क्रूझ जहाजांवर खोल्या आवरायचं काम केलं, हे गल्लीत सगळ्यांना ठाऊक आहे. त्यामुळे ट्रॅव्हल कंपनीवाल्यानं न दिलेलं उत्तर मीच द्यावं, अशी अपेक्षा असते. विचारणाऱ्याला मात्र उत्तर नको असतं, होकार हवा असतो.

तर उत्तर लिहूनच ठेवतो. नाही. बोट आपली नसते. बहुतेक वेळा त्या दिवशी काही काळ आपण बोटीवरसुद्धा नसतो.

२०२१च्या सप्टेंबरात मुंबईहून कॉर्डेलिया कंपनीची 'एम्प्रेस' ही क्रूझ बोट सुरू झाली आणि क्रूझ हा शब्द कोल्हापुरात घरोघरी पोचला. त्याआधी इथल्या म्हाताऱ्या माणसांना बोट म्हणजे भाऊच्या धक्क्यावरून गोव्याला जाणारी बोट, एवढंच माहीत. आता महालक्ष्मी एक्सप्रेसनं मुंबईला उतरून जहाजात चढणारी कुटुंबं आहेत, सिंगापूरची सफर घेणारी आहेत आणि पोरगा सिएटलला आहे म्हणून अलास्का बघून आलेली निवृत्त जोडपीही आहेत. एवढ्या लांब गेलोच आहोत, तर त्याच जहाजावर आणखी एक सफर जोडून घ्यावी, हा विचार अगदी रास्त आहे. विमानाचा खर्च एकदाच होतो. चूक त्याच्या पुढच्या गृहीतकात आहे. एकाच जहाजावरच्या दोन सफरी म्हणजे एक लांबलचक सफर, असं लोक धरून चालतात.

शाहू टॉकीजला बाराचा शो सुटला आणि खिशात तीनच्या शोचं तिकीट असलं, तर डोअरकीपर खुर्चीत बसू द्यायचा का? बाहेर काढायचा, झाडू फिरायचा, मग पुन्हा तिकीट फाडून आत घ्यायचा. जहाजाचंही तेच, फक्त तिथं डोअरकीपरच्या पाठीशी सरकार उभं असतं.

प्रत्येक सफरीची प्रवासी यादी वेगळी असते. सोलास नावाचा आंतरराष्ट्रीय करार आहे, समुद्रावर माणसांचे जीव सांभाळण्याचा. टायटॅनिक बुडाल्यावर १९१४ साली तो पहिल्यांदा झाला, आज चालतो तो १९७४ सालचा. प्रवासी जहाज सुटण्याआधी त्यावरच्या सगळ्या माणसांची मोजणी झालीच पाहिजे, असं त्यात आहे. दुर्घटना घडली तर किती जणांना शोधायचं, हे कळायला दुसरा मार्ग नाही. आता जुने दोन हजार उतरतायत, नवे दोन हजार चढतायत आणि त्यात पन्नास जण 'आम्ही इथलेच' म्हणून डेकवर हिंडतायत, अशा वेळी आकडा कसा जुळायचा? म्हणून अमेरिकेच्या बंदरांत सीमाशुल्क आणि इमिग्रेशनचं खातं जहाजावरची प्रवासीसंख्या आधी शून्य करायला लावतं. शेवटचा प्रवासी उतरल्याशिवाय पहिला नवा प्रवासी चढत नाही.

तिथं होतं ते असं. आदल्या दिवशी खोलीत चिठ्ठी येते. सकाळी अमुक वाजता अमुक लाउंजमध्ये पासपोर्ट घेऊन जमा. पुढच्या सफरीचं कार्ड तिथं किंवा खोलीत मिळतं. बाकीचं जहाज रिकामं झालं की सगळ्यांना एका रांगेत खाली नेतात, अधिकारी चेहरा आणि पासपोर्ट बघतो, मग टर्मिनलमध्ये बसायचं आणि शून्याचा निरोप आला की सगळ्यांच्या आधी परत चढायचं. कधी अर्ध्या तासात उरकतं, कधी दीड तास जातो. उशीर बहुधा एका माणसामुळे होतो, जो खोलीत अंघोळ करत बसलेला असतो. 'मी तर पुढंही हाय की' असं म्हणून दार न उघडणारा आपल्याच भागातला एक गृहस्थ माझ्या वाट्याला आला होता. त्याच्यापायी टर्मिनलात शेकडो लोक ताटकळले होते.

सगळीकडे एवढं कडक नसतं. भूमध्य समुद्रातल्या बऱ्याच बंदरांत पुढच्या सफरीचं कार्ड दाखवून जहाजावर थांबता येतं किंवा गाव बघून येता येतं. नियम बंदराचा असतो, जहाज कंपनीचा नव्हे. 'आमच्या मेव्हण्याला उतरावं लागलं नव्हतं' हा पुरावा म्हणून मला देऊ नका, मेव्हणा कुठल्या बंदरात होता ते सांगा.

मुंबईहून गोवा किंवा लक्षद्वीपला जाऊन परत येणारी देशांतर्गत सफर असेल, तर पासपोर्टचा प्रश्न येत नाही, सरकारी ओळखपत्र चालतं. पण दुसरी सफर म्हणजे दुसरं बुकिंग आणि दुसरं चेक-इन, हे तिथंही धरून चालावं.

आता त्या 'रिकाम्या' दिवसाबद्दल, कारण खरी चीड मला त्याची येते. 'एम्प्रेस' काही मोठं जहाज नाही. १९९० साली 'नॉर्डिक एम्प्रेस' नावानं पाण्यात आलेलं, सुमारे ८०० खोल्यांचं. 'आयकॉन ऑफ द सीज' हे जहाज जानेवारी २०२४पासून मायामीहून सुटतं, त्यात २,८०५ खोल्या आहेत. सकाळी सहा-सातला धक्क्याला लागायचं आणि दुपारी चार-पाचला सुटायचं. मधल्या वेळात प्रत्येक खोलीची चादर, टॉवेल, न्हाणीघर, कचरा. एकेका स्टुअर्डकडे पंधरा-वीस खोल्या, नऊ-दहाला रिकाम्या होणार आणि दीडला नवा पाहुणा दारात. खाली मालाच्या दारातून भाजी, मांस, दूध, बाटल्या आत, कचरा बाहेर. हजारो बॅगा उतरायच्या, हजारो चढायच्या. बाजूला तेलाची बार्ज लागली असेल, तर उघड्या डेकवर सिगारेट बंद. गणपतीत आमच्या घरी पाहुण्यांची एक पंगत उठून दुसरी बसायच्या आत जी धावपळ होते, तीच अकरा मजले उभी करून बघा. यात कुणी पोहण्याच्या तलावाकाठी पाय पसरून 'सगळी बोट आपली' म्हणतो, तेव्हा त्याच्या खुर्चीखालून पोछा मारणाऱ्याला काय वाटतं, ते मी इथं लिहीत नाही.

मिळतं काय? दुपारी बुफेत थोडी शांतता, गर्दी यायच्या आधी एखादा तास मोकळा डेक. ते छान असतं, नाकारत नाही. पण दुकानं आणि कॅसिनो बंदरात बंद असतात, मोठं जेवणघर बहुतेक ठिकाणी उघडत नाही आणि नळीनं डेक धुणं चालूच असतं.

'जहाज धक्क्याला असतं तेव्हा कर्मचाऱ्यांना सुट्टी' हाही असाच एक शोध. आठवड्यातला सगळ्यात जड दिवस तोच. सागरी कामगार करारानुसार कोणत्याही २४ तासांत किमान १० तास विश्रांती द्यावी लागते. त्या दिवशी ते दहा तास मोजून मापून मिळतात.

दुसरी मोठी गफलत कागदांची, आणि ही महागात पडते. सिंगापूरहून निघून सिंगापूरलाच परतणारी सफर घेतलीत, तर परतल्यावर तो नवा प्रवेश असतो. दोन सफरी लागोपाठ म्हणजे विमानाचा धरून तीन प्रवेश. व्हिसा एकाच प्रवेशाचा असेल तर गाडी तिथंच अडते. शिवाय सिंगापूरचं अरायव्हल कार्ड दर वेळी नव्यानं भरायचं. युरोपातही तेच, सफर मध्ये तुर्कस्तानला शिवून येणार असेल, तर अनेक प्रवेशांचा शेंगेन व्हिसाच काढावा.

अमेरिकेत आणखी एक फास आहे, १८८६ सालच्या कायद्याचा. परदेशी झेंड्याच्या जहाजाला अमेरिकेच्या एका बंदरातून प्रवासी घेऊन दुसऱ्या अमेरिकन बंदरात सोडता येत नाहीत, मध्ये दूरचं परदेशी बंदर लागावं लागतं. कॅनडा त्या हिशेबात दूरचा धरत नाहीत. म्हणून लॉस एंजेलिस ते व्हँकुव्हर ही सफर चालते, व्हँकुव्हर ते अलास्कातलं व्हिटियर हीसुद्धा चालते, पण त्याच जहाजावर दोन्ही लागोपाठ घेतल्या की लॉस एंजेलिस ते व्हिटियर असा एकच प्रवास धरतात आणि तो बेकायदा ठरतो. बघा गंमत! माणूस दोन सफरींना एक समजतो तेव्हा बंदर म्हणतं दोन, आणि दोन समजतो तेव्हा कायदा म्हणतो एक.

उरलेले गैरसमज भराभर. खोली बदलणार असेल तरी सगळं सामान भरून धक्क्यावर ओढायचं नसतं. हँगरवरचे कपडे हँगरवरच ठेवा, बाकी बॅगेत भरा, स्टुअर्ड नव्या खोलीत नेऊन लावतो. खोली तीच असेल तर काहीच हलवू नका, पण आधी सांगा. पेयांचं आणि वायफायचं पॅकेज पहिल्या सफरीबरोबर संपतं, बिलही तिथंच मिटतं. जेवणाचा मेन्यू आणि नाटकं-गाणी बहुधा फिरून तीच येतात, दुसऱ्या आठवड्यात नवल संपलं म्हणून आचाऱ्यावर चिडू नये.

'आम्ही सुरक्षेची ड्रिल एकदा केलीय' हेही चालत नाही. १३ जानेवारी २०१२ला इटलीजवळ 'कोस्टा कॉन्कॉर्डिया' खडकावर आपटून ३२ माणसं गेली. त्याच संध्याकाळी चढलेल्या प्रवाशांची ड्रिल व्हायचीच होती, कारण तेव्हा २४ तासांची मुभा होती. १ जानेवारी २०१५पासून ड्रिल जहाज सुटण्याआधी किंवा सुटल्यासुटल्या घ्यावी लागते. नियमात 'नव्यानं चढलेले' असा शब्द आहे, त्यावर वाद घालणारे वकील प्रत्येक सफरीत भेटतात. कंपन्या बहुतेक सगळ्यांनाच उभं करतात.

मधल्या दिवशी सगळं जहाज निर्जंतुक होतं, म्हणून पोट बिघडायची भीती नाही, असंही ऐकतो. नोरोव्हायरस पृष्ठभागांवर दिवसेंदिवस टिकतो आणि दारात ठेवलेल्या सॅनिटायझरला फारसा जुमानत नाही. अमेरिकेचं रोगनियंत्रण केंद्र हात साबण-पाण्यानं धुवायला सांगतं ते त्यासाठी.

आणि त्या अर्ध्या तासासाठी उतरताना पिशवीत बुफेतलं सफरचंद टाकू नका. तुमच्या लेखी तुम्ही कुठंच गेलेला नसता, पण धक्क्यावरच्या कृषी तपासणीच्या लेखी तुम्ही परदेशातून फळ घेऊन आलेले असता. कोल्हापुरी चटणीची पुडीही खोलीतच राहू दे.