पॉवर बँक बॅगेत का नको?

दुबईहून जर्मनीतील कोलोनकडे निघालेल्या यूपीएसच्या बोइंग ७४७ मालवाहू विमानात ३ सप्टेंबर २०१० रोजी आग लागली. माघारी वळलेले ते विमान दुबईतच कोसळले आणि दोन्ही वैमानिक मृत्युमुखी पडले. ज्या मालात आग सुरू झाली, त्यात मोठ्या संख्येने लिथियम बॅटऱ्या होत्या, असे तपासात निष्पन्न झाले. चेक-इनच्या वेळी विचारल्या जाणाऱ्या ‘बॅगेत पॉवर बँक आहे का?’ या प्रश्नामागे अशा दुर्घटनांचा धडा आहे.

या बॅटरीतील द्रावण ज्वलनशील असते. आत शॉर्टसर्किट झाल्यास एक सेल तापतो आणि त्याची उष्णता शेजारच्या सेलना पेटवते. मालकक्षातील हॅलॉन वायू ज्वाळा दडपतो. ही अंतर्गत साखळी मात्र तो तोडू शकत नाही.

म्हणूनच संयुक्त राष्ट्रांच्या वर्गीकरणात लिथियम बॅटरी धोकादायक मालाच्या नवव्या वर्गात मोडते. नुसत्या लिथियम-आयन बॅटरीला ‘यूएन ३४८०’, तर उपकरणात बसवलेल्या किंवा उपकरणासोबत बांधलेल्या बॅटरीला ‘यूएन ३४८१’ हा क्रमांक आहे. पहिल्या प्रकारचा माल १ एप्रिल २०१६ पासून प्रवासी विमानातून नेण्यास मनाई आहे. मालवाहू विमानातही तो साधारणपणे ३० टक्क्यांहून अधिक चार्ज केलेला चालत नाही.

प्रवाशांसाठी मोजमाप वॉट-तासांचे आहे. २०,००० एमएएच क्षमतेची, ३.७ व्होल्टची पॉवर बँक ७४ वॉट-तासांची भरते. १०० पर्यंत सहसा अडचण नसते. १०० ते १६० दरम्यान विमान कंपनीची परवानगी लागते आणि अशा जास्तीत जास्त दोनच सुट्या बॅटऱ्या नेता येतात. त्यापुढे मनाई आहे. पॉवर बँक ही सुटी बॅटरीच मानली जाते. त्यामुळे ती केवळ हातातील सामानात ठेवावी लागते. केबिनमध्ये निघालेला धूर निदान कुणाच्या तरी नजरेस पडतो. ऐनवेळी गेटवर हातातील बॅग मालकक्षात पाठवली गेली, तर पॉवर बँक आधी काढून घेणे आवश्यक असते. काही कंपन्यांचे नियम याहून कडक आहेत. एमिरेट्सने १ ऑक्टोबर २०२५ पासून विमानात पॉवर बँक वापरण्यास बंदी घातली असून प्रत्येक प्रवाशाला एकच नेता येते.

गावी आई-वडिलांना कुरियरने पॉवर बँक पाठवतानाही हेच वर्गीकरण लागू होते. पार्सलवर केवळ ‘भेटवस्तू’ असे लिहिल्याने आतील बॅटरीचा धोका कमी होत नाही. तो फक्त माल हाताळणाऱ्यांपासून लपतो.