सीएसव्ही फाइलीतील वाचनदोष

स्वल्पविरामांनी विलग केलेल्या माहितीची फाइल संगणक आज्ञावलीस वाचता न येणे किंवा ती चुकीची वाचली जाणे, यास सीएसव्ही फाइलीतील वाचनदोष म्हणतात. अशा फाइलीत सामान्यतः एक ओळ म्हणजे एक नोंद असते आणि स्वल्पविराम रकाने वेगळे करतो. हे स्वरूप पूर्वीपासून प्रचारात असले, तरी त्याचे नियम २००५ साली आरएफसी ४१८० या दस्तऐवजात नोंदवले गेले. ते सर्वत्र पाळले जात नाहीत.

कारणे

'शिवाजीनगर, पुणे' हा पत्ता दुहेरी अवतरणचिन्हांत न लिहिल्यास त्याचे दोन रकाने होतात व रकान्यांची संख्या जुळत नाही. उघडलेले अवतरणचिन्ह बंद न केल्यास पुढील अनेक ओळी एकाच रकान्यात गोळा होतात. त्यामुळे त्रुटीसंदेशातील ओळ आणि मूळ चूक यांत बरेच अंतर असू शकते.

दुसरे कारण वर्णसंकेतनाचे. यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट व्यापते. 'मराठी' या शब्दात म, र, काना, ठ व दुसरी वेलांटी अशी पाच चिन्हे, म्हणजे १५ बाइट असतात. अशी फाइल पश्चिम युरोपीय संकेतनाने वाचल्यास अक्षरांऐवजी असंबद्ध चिन्हे दिसतात. काही फाइलींच्या आरंभी असणाऱ्या अदृश्य चिन्हामुळे पहिल्या रकान्याचे नाव ओळखले जात नाही.

निदान

प्रथम मूळ फाइलीची प्रत करून ती साध्या मजकूर-संपादकात उघडावी. स्प्रेडशीटमध्ये उघडून साठवल्यास आरंभीची शून्ये व तारखा बदलू शकतात. त्यानंतर संकेतन, विभाजक चिन्ह आणि संदेशातील ओळीसह तिच्या आधीच्या ओळी तपासाव्यात. फाइल मोठी असल्यास शीर्षओळ कायम ठेवून निम्म्या-निम्म्या नोंदी वाचून पाहाव्यात. शेवटी मूळ व वाचलेल्या नोंदींची संख्या ताडून पाहावी.

महत्त्व

सदोष ओळी वगळण्याची सोय अनेक आज्ञावलींत असते. तिने संदेश थांबतो, पण माहितीही हरवते. संदेशाविना होणारी हानी अधिक घातक ठरते. २०२० साली इंग्लंडमध्ये कोविड-१९ च्या १५,८४१ रुग्णांची नोंद दैनिक आकडेवारीत वेळेवर आली नाही. प्रयोगशाळांच्या सीएसव्ही फाइलींतील माहिती जुन्या एक्सेल स्वरूपात घेतली जात होती आणि त्या स्वरूपाची मर्यादा ६५,५३६ ओळींची होती. परिणामी या रुग्णांच्या संपर्कातील व्यक्तींचा शोध लांबला.