शिशाचा हिशेब

छत्रपती संभाजीनगरहून जालना रस्त्याने विमानतळाकडे निघाले की चिकलठाण्याची औद्योगिक वसाहत लागते. येथे ये-जा करणाऱ्या प्रत्येक ट्रकमध्ये आणि टेम्पोमध्ये, तसेच बहुतेक दुकानांतील इन्व्हर्टरच्या शेजारी एक जड पेटी असते. ती म्हणजे बॅटरी. तिच्या वजनाचा अर्ध्याहून अधिक भाग शिशाचा असतो. काही वर्षांनी ती थकते आणि दुकानाच्या मागच्या कोपऱ्यात जाऊन पडते. मग एके दिवशी भंगारवाला येतो, वजन करतो, पैसे मोजतो आणि ती घेऊन जातो. इथपर्यंतचा हिशेब प्रत्येक व्यापारी घराला ठाऊक असतो. त्यापुढे ती पेटी कोठे जाते, कोण फोडते आणि त्यातील शिसे कोणाच्या श्वासात मिसळते, हे मात्र कोणत्याही वहीत लिहिलेले नसते.

जुनी ओळख

या भूमीला शिसे नवे नाही. याच जिल्ह्यातील पैठण, म्हणजे प्राचीन प्रतिष्ठान, ही सातवाहनांची राजधानी होती. सातवाहन राजांनी शिशाची नाणी मोठ्या प्रमाणात पाडली. दोन हजार वर्षांपूर्वी दख्खनच्या बाजारपेठांत या नाण्यांनी मालाची देवघेव होत असे. आयुर्वेदात शिशाला ‘नाग’ म्हटले आहे. राजस्थानातील झावर येथे शिसे व जस्ताच्या खाणींचे काम दोन हजार वर्षांहून जुने असून त्याच परिसरात मध्ययुगीन जैन मंदिरांचे अवशेष आजही उभे आहेत. खाण, व्यापार आणि देवालय तेथे एकमेकांच्या शेजारी नांदत होते.

हा धातू इतका लोकप्रिय का झाला, याचे उत्तर त्याच्या स्वभावात आहे. शिसे ३२७ अंश सेल्सिअसला वितळते, त्यामुळे साध्या चुलीवरही ते पातळ करता येते. ते मऊ आहे, गंजत नाही, आणि पाण्याच्या अकरा पटींहून अधिक जड आहे. याच गुणांमुळे ते उपयोगी ठरले. मात्र साध्या चुलीवर वितळते म्हणून कोणीही, कोठेही ते वितळवू लागला, आणि धोक्याचे मूळही तेथेच आहे.

खनिजापासून लगडीपर्यंत

शिशाचे मुख्य खनिज गॅलिना, म्हणजे शिसे आणि गंधक यांचे संयुग. भारतात ते प्रामुख्याने राजस्थानात सापडते. भीलवाडा जिल्ह्यातील रामपुरा आगुचा आणि चित्तोडगडजवळील चंदेरिया ही नावे या उद्योगात सर्वांना परिचित आहेत. खनिज दळून, फेसाच्या पाण्यात तरंगवून त्यातील माती वेगळी केली जाते. मग ते हवेत भाजतात, गंधक वायुरूपाने निघून जातो आणि शिशाचा ऑक्साइड उरतो. भट्टीत कोकबरोबर तापवल्यावर कोक त्यातील ऑक्सिजन ओढून घेतो आणि वितळलेले शिसे तळाशी साचते. त्यात बहुधा थोडी चांदीही असते. वितळलेल्या शिशात जस्त मिसळले की चांदी जस्ताकडे जाते आणि वरच्या थरात गोळा होते.

परंतु आज बाजारातील शिशाचा फार मोठा वाटा खाणीतून नव्हे, तर जुन्या बॅटऱ्यांतून येतो. १८५९ साली फ्रान्सच्या गास्तों प्लांते यांनी शिसे आणि गंधकाम्लाची बॅटरी बनवली आणि आज जगातील बहुतांश शिसे याच कामी लागते. महाराष्ट्रात चिंचवड आणि अहिल्यानगर येथे बॅटऱ्यांचे मोठे कारखाने आहेत. बॅटरीचे वैशिष्ट्य असे की तिच्यातील जवळजवळ सर्व शिसे पुन्हा वापरता येते, आणि कितीही वेळा वितळवले तरी त्याचा कस उतरत नाही.

परवानाधारक कारखान्यात हे काम बंदिस्त यंत्रात होते. बॅटरी यंत्राने फोडली जाते आणि तुकडे पाण्यात सोडले जातात. प्लास्टिक तरंगते, शिशाच्या जाळ्या व लगदा बुडतो. आम्ल वेगळे करून चुना किंवा सोडा घालून निष्प्रभ केले जाते. लगदा कोळसा, लोखंडाचा चुरा आणि सोडा यांच्यासह फिरत्या भट्टीत सुमारे हजार अंशांच्या उष्णतेवर तापवतात. वरची मळी वेगळी काढतात आणि खालचे शिसे कढईत घेऊन त्यातील तांबे, अँटिमनी यांसारखे घटक काढून टाकतात. शेवटी लगडी ओतल्या जातात. या भट्टीचा धूर थेट आकाशात सोडला जात नाही. तो थंड केला जातो, कापडी पिशव्यांच्या गाळणीतून आणि पाण्याच्या फवाऱ्यातून नेला जातो. गाळणीत अडकलेली धूळ पुन्हा भट्टीत जाते, कारण त्या धुळीतही शिसे असते.

जेथे हिशेब चुकतो

वस्तीच्या मागे, नाल्याच्या काठी किंवा मोकळ्या प्लॉटवर बॅटऱ्या फोडणारा मनुष्य यांपैकी काहीच करत नाही. कुऱ्हाडीने पेटी फुटते, आम्ल जमिनीत मुरते, उघड्या कढईत शिसे वितळते आणि धूर शेजारच्या घरांत शिरतो. गाळणी नाही, पाण्याचा फवारा नाही, कर नाही, तपासणी नाही. म्हणूनच त्याला जुन्या बॅटरीचा भाव किलोमागे काही रुपये अधिक देता येतो. त्या अधिक रुपयांची खरी किंमत मात्र शेजारच्या वस्तीतील मुले चुकवतात.

शिसे शरीरात कॅल्शियमची नक्कल करते. ते हाडांत जाऊन वर्षानुवर्षे साठते आणि गरोदरपणात आईच्या हाडांतून निघून गर्भापर्यंत पोहोचते. लहान मुले पोटात गेलेल्या शिशाचा जो भाग शोषून घेतात, तो प्रौढांच्या चार-पाच पट असू शकतो. त्यांची बुद्धी, लक्ष आणि वाढ यांवर परिणाम होतो, आणि तो बहुधा भरून निघत नाही. रक्तातील शिशाची कोणतीही पातळी सुरक्षित मानता येत नाही, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. २०२० साली युनिसेफ आणि ‘प्युअर अर्थ’ या संस्थेने प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार जगातील दर तीन मुलांपैकी एकाच्या रक्तात चिंताजनक प्रमाणात शिसे आढळते आणि त्यांतील फार मोठी संख्या भारतात आहे. असे मूल आजारी दिसतही नाही. ते केवळ अभ्यासात मागे पडते आणि घरचे त्याच्या आळसाला दोष देतात.

हाताळणीची शिस्त

कारखाने अधिनियम, १९४८ मधील कळवण्यायोग्य व्यवसायजन्य आजारांच्या यादीत शिशाची विषबाधा पहिल्या क्रमांकावर होती. चांगल्या कारखान्यात कामगारांच्या रक्ताची ठरावीक काळाने तपासणी होते आणि पातळी वाढल्यास त्याला त्या विभागातून हलवले जाते. मुखावरण, हातमोजे, कामाच्या जागी खाण्यापिण्यास, तंबाखूस मनाई आणि सुटीच्या वेळी आंघोळ हे तेथील नियम. सर्वांत महत्त्वाचा नियम साधा आहे. कामाचे कपडे व पादत्राणे घरी न्यायची नाहीत. ज्या घरी बापाचे कपडे आई हाताने धुते आणि मूल त्याला येताच बिलगते, तेथे शिसे भट्टीपासून पाळण्यापर्यंत चालत येते.

घरातले शिसे

काही गैरसमजही दूर करायला हवेत. शिसपेन्सिलीत शिसे नसते, तेथे ग्रॅफाइट असते. जुन्या काळी ग्रॅफाइटला शिशाचाच प्रकार समजले गेले आणि नाव चिकटून राहिले. उलट, ज्यात शिसे आहे याची कल्पनाही नसते अशा वस्तू घरात असतात. पारंपरिक शेंदूर म्हणजे शिशाचाच लाल ऑक्साइड होय. तो मुलांच्या हाती लागू देऊ नये. काही सुरम्यांत शिशाचे खनिज असते. कल्हई कथिलाची असावी लागते. स्वस्ताईसाठी कथिलात शिसे मिसळलेली कल्हई आंबट आमटीत उतरते. हळदीला गडद पिवळा रंग देण्यासाठी लेड क्रोमेट मिसळण्याचे प्रकारही घडलेले आहेत.

दिलासा देणाऱ्या गोष्टीही आहेत. १ फेब्रुवारी २००० पासून भारतात शिसेयुक्त पेट्रोल बंद झाले. घरगुती रंगांमध्ये शिशाची मर्यादा दहा लाख भागांत ९० भाग इतकी ठरवणारा नियम नोव्हेंबर २०१७ पासून लागू आहे. बांगलादेशात २०१९ साली बाजारातील हळदीच्या ४७ टक्के नमुन्यांत शिसे आढळले होते. लोकांना सावध केले गेले, व्यापाऱ्यांवर कारवाई झाली, आणि २०२१ पर्यंत असा एकही नमुना उरला नाही. ही भेसळ बाजारपेठेत सुरू झाली आणि बाजारपेठेतच थांबली.

व्यापाऱ्याचा वाटा

श्रावकाच्या आचारधर्मात पंधरा कर्मादाने त्याज्य सांगितली आहेत. त्यांत अंगारकर्म आणि विषवाणिज्य ही नावे येतात. बॅटरी, रंग वा मसाला विकणारा आजचा व्यापारी स्वतः भट्टी पेटवत नाही, पण त्याच्या दुकानातून निघालेली वस्तू कोणत्या भट्टीत जाते, हे पाहणे त्याच्या हाती आहे. यतना म्हणजे केवळ पाऊल जपून टाकणे नव्हे, तर मालही जपून सोपवणे.

बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम, २०२२ नुसार उत्पादकांवर वापरलेल्या बॅटऱ्या परत घेण्याची जबाबदारी आहे. म्हणून जुनी बॅटरी नवी घेतानाच अधिकृत विक्रेत्याकडे जमा करावी, पावती मागावी, आणि ती दारावरच्या भंगारवाल्याला अधिक भावाच्या मोहाने देऊ नये. दुकानदाराने जमा झालेल्या बॅटऱ्या नोंदणीकृत पुनर्प्रक्रियाकाराकडेच पाठवाव्यात आणि तोवर त्या उभ्या, छताखाली, न सांडता ठेवाव्यात. मसाल्याच्या व्यापाऱ्याने पुरवठादाराकडून तपासणी अहवाल मागावा. घरात मुलांच्या आहारात लोह आणि कॅल्शियम पुरेसे असावे, कारण त्यांची उणीव असली की शरीर शिसे अधिक शोषते.

चिकलठाण्याच्या एखाद्या दुकानात आज संध्याकाळी पुन्हा एक जुनी बॅटरी तराजूवर चढेल आणि दोन भाव समोर येतील. त्यांतील कमी भाव निवडणाऱ्याचे वहीत थोडे नुकसान दिसेल. त्या नुकसानीतून वाचलेली मुले त्याला कधी भेटणार नाहीत, तरीही तो सौदा फायद्याचाच ठरेल.