टाक्या दिसतात, पाइप कुठे गेले?

अभियांत्रिकीचा डेटा किती वर्षं टिकतो, यावर आपण पॉडकास्टमध्ये बोललो तेव्हा एका श्रोत्यानं विचारलं होतं: "प्लांट डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये 'प्रोजेक्ट सेट करणं' म्हणजे नक्की काय? ते आयटीवाल्यांचं काम ना?" मीही बरीच वर्षं असंच समजत होतो. एका फोननं तो समज मोडला.

पीएचडीसाठी इंग्लंडला येण्याआधी मी आखातात एका ठेकेदार कंपनीत पायपिंग डिझाइनला होतो. एक प्रोजेक्ट संपवून, मॉडेल ग्राहकाच्या हवाली करून दोन वर्षं झाली होती. ग्राहकाच्या इंजिनिअरचा फोन आला. शटडाउन जवळ आलं होतं, जुन्या लाइनला नवी लाइन जोडायची होती, म्हणून त्यानं आमचं मॉडेल उघडलं. टाक्या दिसत होत्या, पंपही जागच्या जागी होते. पण मधलं सगळं रिकामं! पाइप नाहीत, व्हॉल्व्ह नाहीत, स्टीलचे कॉलम-बीम नाहीत. टाक्या नुसत्या हवेत तरंगत होत्या.

फाइल खराब झाली नव्हती, व्हायरसही नव्हता. चूक प्रोजेक्ट सेट करतानाची होती, आणि ती कळायला इतकी वर्षं गेली.

आमचं सॉफ्टवेअर होतं पीडीएमएस. मी आता राहतो त्याच देशातलं. ब्रिटिश सरकारनं १९६७ साली केंब्रिजमध्ये कॅड सेंटर सुरू केलं, तिथे सत्तरच्या दशकात ते घडलं. त्याच संस्थेचं नाव २००१ मध्ये अ‍ॅव्हिवा झालं. पुढे ई थ्री डी आलं, तरी प्रोजेक्ट आणि डेटाबेसची मूळ रचना बरीचशी तीच राहिली.

पहिली गोष्ट लक्षात घ्या, हे मॉडेल म्हणजे चित्र नाही. चित्र आपल्याला पडद्यावर दिसतं. आत असतात नोंदी, आणि त्या एका डेटाबेसमध्ये नसतात. डिझाइनचा डेटाबेस वेगळा, कॅटलॉगचा वेगळा, ड्रॉइंगचा वेगळा, पदार्थांच्या गुणधर्मांचा वेगळा.

टाकीचा किंवा पंपाचा आकार सिलिंडर, कोन, बॉक्स अशा साध्या आकारांतून थेट डिझाइन डेटाबेसमध्येच रचलेला असतो. पाइपचं तसं नाही. एखाद्या एल्बोची जागा आणि दिशा डिझाइनमध्ये असते, पण तो दिसतो कसा, किती मोठा, टोकं कुठे, हे तिथे नसतं. तिथे फक्त एक संदर्भ असतो: 'स्पेकमधली अमुक वस्तू'. स्पेक आणि कॅटलॉग दुसऱ्या डेटाबेसमध्ये. स्टीलच्या सेक्शनचंही तसंच, टाकीवरच्या नोझलचंही तसंच.

ही व्यवस्था हुशारीची आहे. एका प्रकारचा व्हॉल्व्ह हजार ठिकाणी लावला, तरी त्याची मापं एकदाच लिहायची. पण मापं बदलली की हजारही ठिकाणी बदलतात. म्हणून कॅटलॉगमध्ये लिहायची मुभा मोजक्याच लोकांना असते, बाकीच्यांनी फक्त वाचायचं.

आता प्रोजेक्ट सेट करताना काय करतात ते पाहू. आधी तीन अक्षरांचा कोड ठरतो. समजा, 'एबीसी'. त्या कोडच्या नावानं फोल्डर होतात. 'एबीसी०००' मध्ये डेटाबेसच्या फाइली, आणखी एकात ड्रॉइंगची चित्रं, एकात आयसोमेट्रिकच्या सेटिंग. हे फोल्डर कुठल्या सर्व्हरवर आहेत ते सॉफ्टवेअरला एका छोट्या बॅच फाइलमधून सांगतात. इथपर्यंत आयटीचं काम, मान्य.

पुढचं मात्र डिझाइनचं. अ‍ॅडमिन आधी टीम बनवतो: पायपिंग, स्ट्रक्चर, इक्विपमेंट. प्रत्येक डेटाबेस कुठल्या तरी एका टीमच्या मालकीचा असतो. तुम्ही त्या टीममध्ये असाल तर लिहा, नसाल तर वाचा. मग कामापुरते डेटाबेस एकत्र करून एक यादी करतात, तिला एमडीबी म्हणतात. सकाळी लॉगिन करताना आपण प्रोजेक्ट, नाव, पासवर्ड आणि एमडीबी निवडतो. यादीत नसलेला डेटाबेस त्या दिवशी आपल्यासाठी नसल्यातच जमा.

डेटाबेस कापायचे कसे, हा खरा प्रश्न. बहुतेक जण एरियाप्रमाणे आणि विभागाप्रमाणे कापतात: एरिया १ चं पायपिंग, एरिया १ चं स्टील, असं. सगळं एकाच डेटाबेसमध्ये कोंबलं तर कोण कुठे लिहू शकतो यावर काही ताबाच राहत नाही. एकाच वेळी अनेकांनी लिहायची सोय असते, पण तेव्हा मी हातात घेतलेला पाइप माझ्या नावावर 'क्लेम' होतो आणि मी सोडेपर्यंत दुसऱ्याला बदलता येत नाही. माझं मशीन मध्येच बंद पडलं तर क्लेम तसाच अडकून राहू शकतो. मग अ‍ॅडमिनला शोधत फिरा.

आमची अर्धी टीम नवी मुंबईत होती, त्यामुळे आणखी एक पेच. दोन ठिकाणी मिळून काम चालतं तेव्हा एक साधा डेटाबेस एका वेळी एकाच ठिकाणाहून लिहिता येतो, दुसरीकडे वाचण्यापुरती प्रत जाते. म्हणजे कुठला एरिया मुंबईचा आणि कुठला आपला, हे डेटाबेस कापतानाच ठरवायला हवं. कंपनीतली कामाची वाटणी तिथे सॉफ्टवेअरमध्ये पक्की होते. म्हणून ती आयटीवर सोडून चालत नाही.

आता त्या गायब पाइपांकडे येऊ. बऱ्याच कंपन्यांचा एक मास्टर प्रोजेक्ट असतो, त्यात कॅटलॉग जपून ठेवलेला असतो. नव्या प्रोजेक्टमध्ये तो कॅटलॉग दोन प्रकारे आणता येतो. एक, 'फॉरेन' डेटाबेस म्हणून जोडायचा: फाइल मास्टरमध्येच राहते, आपण तिथून वाचतो. दोन, प्रत करून आपल्या प्रोजेक्टमध्ये आणायची. जोडलं तर मास्टरमधली सुधारणा लगेच मिळते. प्रत केली तर कॅटलॉग त्या दिवसापाशी थांबतो, पण आपल्याजवळ राहतो.

आम्ही जोडला होता. आणि ग्राहकाला देताना आमच्या प्रोजेक्टचे फोल्डर तेवढे डिस्कवर घातले. आमच्या ऑफिसात मास्टर नेटवर्कवर होताच, त्यामुळे आमच्याकडे सगळं व्यवस्थित दिसायचं. आमचे एक वरिष्ठ, सगळे त्यांना दादा म्हणायचे, ते इतकंच म्हणाले, "अरे, पत्र दिलंत, पण शब्दकोश घरीच ठेवलात."

बरं, मग आता कॅटलॉग पाठवून दिला की झालं? तसंही नाही. दोन वर्षांत मास्टर पुढे गेला होता, काही व्हॉल्व्हची मापं बदलली होती. आजचा कॅटलॉग दिला असता तर पाइप दिसले असते, पण प्लांटमध्ये बसवलेले नव्हे, भलतेच. हवाली केलं त्या सुमाराचा बॅकअप शोधावा लागला. तो मिळेपर्यंत त्यांची माणसं जूनच्या उन्हात टेप घेऊन जोडणीच्या जागा मोजत होती.

तेव्हापासून मी ज्यांना ज्यांना सांगता येईल त्यांना हे सांगतो. पहिल्या आठवड्यातच विचारा, हा प्रोजेक्ट शेवटी कोणाच्या ताब्यात जाणार आहे? डेटाबेसच्या क्रमांकांचे गट आधी वाटून घ्या. एका एमडीबीमध्ये दोन डेटाबेसना एकच क्रमांक चालत नाही, आणि बाहेरून येणाऱ्या कॅटलॉगचा क्रमांक आपल्याशी आदळला तर सगळं अडतं. हवाली करताना एमडीबी उघडून पाहा, यातले किती डेटाबेस आपले आणि किती उसने? उसने असतील त्यांची प्रत आत आणा, क्रमांक तोच ठेवून, नाहीतर संदर्भ तुटतात.

आणि शेवटी, जी डिस्क द्यायची ती कंपनीच्या नेटवर्कला न जोडलेल्या मशीनवर उघडा. एक पाइप, एक स्टीलचा कॉलम बघा आणि एक आयसोमेट्रिक काढा. अर्ध्या तासाचं काम आहे.

प्लांट पंचवीस-तीस वर्षं चालतो. तोवर मॉडेल करणारे आपण कुठल्या देशात असू, काय करत असू, कोण जाणे. ते उघडणाऱ्या माणसाला आपला फोन लागेलच असं नाही. तो न लागताही त्याला पाइप दिसले पाहिजेत.