नव्या मत्स्यटाकीचे पाणी आणि तिच्यातील दगड

नीरा डाव्या कालव्याचे पाणी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बारामतीच्या शिवारात खेळू लागले आणि त्यापाठोपाठ कालव्याखालील काही जमिनी खारावल्या. पाण्यात काय विरघळले आहे ते डोळ्यांस दिसत नसले तरी पीक ते अचूक सांगते, हे या भागातील शेतकऱ्यास निराळे शिकवावे लागत नाही. शोभिवंत माशांचा जोडधंदा करू इच्छिणाऱ्याने तीच दृष्टी आपल्या टाकीकडे वळविणे अगत्याचे आहे.

नवी टाकी धुऊन भरावी, दुसऱ्या दिवशी मासे सोडावेत आणि आठ-दहा दिवसांत त्यांनी पृष्ठभागी येऊन धापा टाकीत एकेक करून मरावे, असा अनुभव नवख्यांना सर्रास येतो. दोष बहुधा विक्रेत्यास दिला जातो. वस्तुतः पाणी नितळ दिसत असले तरी ते अद्याप कच्चे असते.

माशांच्या विष्ठेतून, कल्ल्यांवाटे होणाऱ्या उत्सर्गातून व उरलेल्या खाद्यातून अमोनिया तयार होतो. तो माशांस विषारी आहे. जिवाणूंचा एक वर्ग त्याचे नायट्राइट बनवितो, तेही विषारीच. दुसरा वर्ग त्या नायट्राइटचे नायट्रेट करतो व ते बेताच्या प्रमाणात असल्यास माशांस बाधत नाही. उसास अमोनियम सल्फेट दिल्यावर त्यातील नत्राचे जमिनीत जे रूपांतर होते, ते याच प्रकारच्या जिवाणूंचे काम होय. रशियन शास्त्रज्ञ विनोग्राड्स्की यांनी १८९० च्या सुमारास हे जिवाणू वेगळे करून दाखविले. शेतात ते मुळातच असतात. नव्या टाकीत मात्र त्यांची वस्ती व्हावयाची असते, आणि तीस साधारणतः चार ते सहा आठवडे लागतात.

ही वस्ती मासे न सोडताच करता येते. नळाचे पाणी असल्यास ते प्रथम एक दिवस उघडे ठेवून त्यातील क्लोरीन उडू द्यावा, कारण क्लोरीन जिवाणूंसही मारतो. नंतर गाळणी व हवेचा पंप चालू करून १०० लिटर पाण्यास सुमारे पाऊण ग्रॅम शुद्ध नवसागर विरघळवून घालावा. कल्हईवाल्याकडील नवसागर येथे चालणार नाही. रसायनांच्या दुकानातून शुद्ध घ्यावा. निरोगी माशांच्या जुन्या टाकीतील गाळणीचा स्पंज अथवा मूठभर खडी आणून नव्या टाकीत ठेवली, तर विरजण लावल्याप्रमाणे काम लवकर होते. तपासणी संचाने दर दोन-तीन दिवसांनी पाणी पाहावे. प्रथम अमोनिया उतरतो व नायट्राइट चढते, मग तेही उतरते. अमोनिया उतरला की तेवढाच नवसागर पुन्हा द्यावा. दिलेला नवसागर चोवीस तासांत संपून अमोनिया व नायट्राइट दोन्ही शून्यावर आले, म्हणजे पाणी पिकले. त्यानंतर निम्म्याहून अधिक पाणी बदलून थोडे मासे सोडावेत, उरलेले पुढील आठवड्यांत.

आता दगडांविषयी. दगड केवळ शोभेचे नसतात, कारण अमोनियाचे विष पाण्याच्या सामूवर अवलंबून असते. २५ अंश उष्णतामानास सामू ७ असता एकूण अमोनियापैकी हजारात सुमारे सहा भागच विषारी रूपात असतात; सामू ८ असता शंभरात पाच, आणि ९ असता तिसऱ्या हिश्शाहून अधिक. विरघळणाऱ्या चुन्याचा दगड सामू उतरू देत नाही, उलट चढवितो. म्हणजे अमोनिया तेवढाच असूनही मासे मरतात. इंदापूरच्या काळ्या जमिनीतील पांढरी चुनखडी, संगमरवराचे तुकडे आणि नदीकाठचे शंखशिंपले म्हणूनच टाकीत घालू नयेत. नव्या सिमेंटच्या टाकीतूनही चुना सुटतो; ती दोन-तीन आठवडे पाणी बदलत भिजवावी.

सुदैवाने उत्तम दगड येथे पायाखालीच आहे. दख्खनचा काळा बेसाल्ट पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. मात्र त्याच्या पोकळ्यांत पांढरे स्फटिक आढळतात, त्यांची परीक्षा करावी. त्यांतील झिओलाइट निरुपद्रवी आहे. कॅल्साइट मात्र चुन्याचाच प्रकार होय. दगड खरवडून त्या जागी लिंबाचा रस टाकावा. बुडबुडे आले तर तो बाजूस ठेवावा. लिंबाचा रस सौम्य असल्याने शंका राहिल्यास विरल हायड्रोक्लोरिक आम्लाचा एक थेंब, हातमोजे घालून, टाकावा. नीरा व कऱ्हा नद्यांच्या गोट्यांवर कधी कधी चुन्याचे पातळ कवच असते; त्यांचीही परीक्षा करावी. गंजाचे वा हिरवट धातूचे डाग असलेले दगड नकोत. खाणीतील दगडावरील भुकटी व तेलकटपणा घासून काढावा; पण दगड उकळू वा भाजू नये, आत पाणी अडकले असल्यास तो फुटतो. बेसाल्ट पाण्याच्या जवळजवळ तिप्पट जड असतो. काचेच्या टाकीत मोठा दगड खडीवर न ठेवता तळाशी जाड रबरी पत्रा घालून त्यावर ठेवावा व खडी भोवती पसरावी.

येथील अनेक विहिरींचे पाणी मुळातच जड व अल्कलीयुक्त असते. बारामतीच्या कृषि विज्ञान केंद्रात पाणी तपासून घेता येते. असे पाणी गप्पी व मॉली या माशांस मानवते, निऑन टेट्रास मानवत नाही. पाणी बदलण्यापेक्षा मासा बदलणे सोपे, हे नवख्याने प्रथमच ठरवावे.

वीज गेल्यावर मासे दिसत असल्याने त्यांची काळजी घेतली जाते. परंतु गाळणीतील जिवाणूंसही प्राणवायू हवा असतो. गाळणी बंद पडून बराच वेळ झाल्यास स्पंज काढून उथळ भांड्यात टाकीच्याच पाण्यात ठेवावा व नळाखाली धुऊ नये. बॅटरीवर चालणारा लहान हवापंप जवळ ठेवला तर ही धावपळ वाचते.

काच स्वच्छ ठेवतो म्हणून विकला जाणारा सकर मासा वाढून टाकीत मावेनासा होतो आणि मग तो भीमेत सोडला जातो. उजनीच्या जलाशयात हा परदेशी मासा मच्छीमारांच्या जाळ्यांत येऊ लागला आहे. त्याच्या काट्यांनी जाळी फाटतात व त्यास गिऱ्हाईक नसते. नको झालेला मासा विक्रेत्यास परत द्यावा. नदीत, कालव्यात वा शेततळ्यात सोडू नये.