डिस्क नवी, विंडोज आणि उबुंटू जुनेच

पाच-सात वर्षांचा लॅपटॉप सुरू व्हायला चहा होईपर्यंत वेळ घेतो, तेव्हा दोष बहुतेकदा हार्ड डिस्कचा असतो. मिनिटाला ५४०० फेरे घेणाऱ्या तबकडीवर हवी ती जागा गाठायला दहा-बारा मिलिसेकंद लागतात, आणि विंडोज सुरू होताना हजारो फायली उघडतं. एसएसडीत फिरणारं काहीच नसल्यामुळे हा वेळ जवळपास नाहीसा होतो. माझं मत विचाराल तर रॅमच्या आधी डिस्क बदलावी.

दुकानदार म्हणतो, ‘सगळं नव्यानं टाकून देतो.’ पण टॅली, श्रीलिपी, प्रिंटर आणि शेजारी उबुंटू, ही घडी पुन्हा बसवणार कोण? त्यापेक्षा क्लोन करावा, म्हणजे जुनी डिस्क जशीच्या तशी नवीवर उतरवावी. नवी एसएसडी यूएसबी केसमध्ये घालायची, लॅपटॉप क्लोनझिलाच्या पेनड्राइव्हवरून सुरू करायचा. हे सॉफ्टवेअर तैवानचं, फुकट. मात्र नवी डिस्क जुनीइतकी किंवा मोठीच लागते. ५०० जीबीवरून ४८० वर जाताना ते सहसा अडतं. कुठून कुठे हे निवडताना मॉडेलचं नाव नीट वाचा. उलटं झालं तर कोरी डिस्क भरलेलीवर उतरते.

त्याआधी विंडोजचं डिस्क कुलूपबंद करणारं बिटलॉकर चालू असेल तर बंद करा, त्याची ४८ अंकी रिकव्हरी की लिहून ठेवा. फास्ट स्टार्टअपही बंद करा, नाहीतर विंडोज पूर्ण मिटत नाही.

खरी गंमत पुढे आहे. लिनक्स प्रत्येक पार्टिशन यूयूआयडी नावाच्या लांबलचक क्रमांकानं ओळखतं. क्लोनमध्ये हा क्रमांकही जसाच्या तसा उतरतो, म्हणून सिस्टिम सुरू करून देणाऱ्या ग्रबला सगळं जागच्या जागी सापडतं. फायली हातानं नव्या पार्टिशनवर नेल्या तर क्रमांक बदलतो आणि काळ्या पडद्यावर ‘ग्रब रेस्क्यू’ येऊन बसतं. पण दोन्ही डिस्क एकदम जोडल्या तर एकाच क्रमांकाचे दोन धनी होतात. आपण नवी समजून जुनीवरच काम करत राहतो! म्हणून क्लोन होताच लॅपटॉप बंद करून जुनी काढायची, नवी बसवायची. दोन्ही सिस्टिम नीट चालेपर्यंत जुनी पुसायची नाही.

नव्या डिस्कवरची जादा जागा आपोआप मिळत नाही. सी ड्राइव्हच्या पुढे बऱ्याचदा रिकव्हरी पार्टिशन किंवा उबुंटू आडवं असतं. ते जीपार्टेड या सॉफ्टवेअरनं सरकवावं लागतं. आणि जुनी डिस्क टकटक वाजत असेल, तर आधी फोटो आणि हिशेब दुसरीकडे उतरवा, क्लोनचं नंतर बघू.